नेट बैठकीतच का?

मैत्रिणींनो, घरात इंटरनेटचा डबा कुठे बसवायचा आणि कुठला घ्यायचा, हे आपण बायकांनी ठरवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. एरवी काय होतं? बसवणारा विचारतो, पुरुषमंडळी बैठकीतल्या टीव्हीकडे बोट दाखवतात आणि विषय संपतो!

आपल्या सोलापुरातली जुनी घरं म्हणजे जाडजूड दगड-मातीच्या भिंती. वाय-फायच्या लहरी भिंतीगणिक दुबळ्या होतात. मग पुढे सिनेमा झकास चालतो नि मागच्या खोलीत लेकीचा क्लास अडकतो. शेंगाचटणी, कडक भाकरीच्या ऑर्डरी घेणारी बाई ओट्याशी उभी, आणि नेमकी तिथेच रेंज नाही! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाइलवर आली, तेव्हा अनेक घरांत हे जाणवलं.

अशा वेळी महागडा राऊटर घ्यायची घाई नको. आधी आहे तोच घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवून बघा. लोखंडी कपाटामागे तर मुळीच नको. बऱ्याच राऊटरवर वाय-फाय दोन प्रकारचं मिळतं. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ गिगाहर्ट्झचं जरा हळू, पण लांब पोचतं. मागच्या खोलीसाठी हेच जोडून बघा.

कॉम्प्युटर एकाच जागी असेल तर सरळ वायर ओढा. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घराला भरपूर झाली. वायर नेणं शक्यच नसेल तर रिपीटर. तो स्वस्त असतो, पण साध्या रिपीटरने वेग बराच घटतो. मोठ्या, दुमजली घराला दोन-तीन डब्यांची मेश बरी, मात्र खर्च जास्त.

नवा राऊटर घेतलाच तर गिगाबिट पोर्ट आहे ना, ते विचारा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि पोर्ट १००चं, म्हणजे टाकी मोठी नि नळ बारीक. पाण्याचा हिशेब सोलापूरच्या बाईला का शिकवायचा? सोबत राऊटरचा छोटा यूपीएसही घ्या. घरापर्यंतची लाइन चालू असेल तर वीज गेल्यावरही काम अडत नाही.

यातलं काहीच अवघड नाही हो. मिक्सर घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतोच की! तसेच इथेही विचारायचे. सिनेमा उद्याही बघता येतो; लेकीचा तास आणि आलेली ऑर्डर मात्र कुणासाठी थांबत नाही.