वाटणी झाली, विहीर सामाईकच राहिली

"ते मॉड्यूल लिहिणाऱ्यानं बघून घ्यावं." सर्व्हर सॉफ्टवेअरच्या गाभ्यावर काम करणाऱ्या मंडळींचं हे आवडतं वाक्य. मीटिंगमध्ये ते इतक्या शांतपणे टाकलं जातं की समोरच्याला आपणच आगाऊपणा केल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं की निदान एका बाबतीत हे वाक्य म्हणजे चक्क हात झटकणं आहे. ती बाब म्हणजे फोर्कनंतरची साफसफाई.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्समध्ये चालू प्रोग्रॅम 'फोर्क' करून स्वतःची हुबेहूब प्रत काढू शकतो. मूळ प्रोसेस बाप, नवी प्रोसेस पोर. अपाचीसारखा सर्व्हर प्रीफोर्क पद्धतीनं चालवला की बाप आधीच पोरं काढून ठेवतो, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना पोरं सांभाळतात. पोराला मेमरी स्वतंत्र मिळते. उघड्या फाइली आणि सॉकेट मात्र दोघांत एकच. शेताची वाटणी झाली पण विहीर सामाईक राहिली, तर पुढं काय होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आता समजा एका मॉड्यूलनं सुरुवातीलाच, बापाच्या घरात असताना, डेटाबेसचं कनेक्शन उघडलं. मग दहा पोरं झाली. दहाही जणांच्या हातात तेच कनेक्शन. एकानं प्रश्न विचारला, उत्तर दुसऱ्यानंच वाचलं. म्हणजे तुमच्या खात्याची माहिती तिसऱ्याच माणसाच्या पडद्यावर. असं उघडं कनेक्शन घेऊन फोर्क करू नका, असा इशारा पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे.

रँडम आकड्यांचं तर विचारूच नका. पोराला बापाच्या जनरेटरची स्थिती जशीच्या तशी मिळते, म्हणजे दोघंही 'गुप्त' म्हणून तेच आकडे काढणार. ओपनएसएसएलनं २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत हा जनरेटर नव्यानं लिहिला, त्यात फोर्कपासून संरक्षणही घातलं. पण नेहमीच्या वापरात ते चालूच होत नव्हतं! दुरुस्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली. एवढ्या मुरलेल्या लोकांची ही गत, आणि आपण म्हणतो मॉड्यूलवाल्यानं बघून घ्यावं.

बरं, विरोधकांचे मुद्दे घेऊ.

"मॉड्यूलनं प्रोसेस नंबर तपासावा, बदलला तर समजावं की फोर्क झाला." नंबर पुन्हा वापरले जातात हो! २०१४ मध्ये लिब्रेएसएसएलमध्ये नेमकं हेच दाखवून दिलं गेलं: नातवाला आजोबांचाच नंबर मिळाला तर लायब्ररीला फोर्क झाल्याचा पत्ताच लागत नव्हता.

"पीथ्रेड-ॲटफोर्क आहे ना." आहे. पण बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चालवण्यासाठी केलेल्या फोर्कलाही ते धावतं. गिऱ्हाइकं सांभाळणारं पोर कोणतं आणि क्षणभराचं कोणतं, हे त्याला कळत नाही. शिवाय एकदा नोंदवलेलं फंक्शन काढून टाकायची सोय पॉझिक्समध्ये नाही. चालू सर्व्हरमध्ये मॉड्यूल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी काय करायचं?

"शटडाउनचा हुक आहेच की, तोच पोरात चालवा." हा सल्ला सगळ्यांत घातक. शटडाउन म्हणजे रीतसर निरोप. डेटाबेसला 'येतो' म्हणून सांगायचं, तात्पुरत्या फाइली पुसायच्या. पोरानं सामाईक सॉकेटवर हा निरोप घेतला की डेटाबेस बापाचंच कनेक्शन तोडतो, आणि फाइली पुसल्या जातात त्याही बापाच्याच. फोर्कनंतरची साफसफाई नेमकी उलटी हवी: आपली प्रत गुपचूप बंद करायची आणि बाहेर एक बाइटही पाठवायचा नाही. ही दोन कामं वेगळी आहेत, म्हणून हुकही वेगळा हवा.

"सर्व्हर मंदावेल." पोराच्या अख्ख्या आयुष्यात एकदा, पाच-पंचवीस फंक्शनं. पुढं तेच पोर हजारो विनंत्या हाताळणार. हिशोब तुम्हीच करा :-)

"फोर्क हीच मुळात जुनाट कल्पना आहे." मान्य. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बॉस्टन विद्यापीठ आणि ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी फोर्कविरुद्ध खणखणीत निबंध लिहिला. जरूर वाचा. पण नवं घर बांधायचं ठरलंय म्हणून गळकं छप्पर कोणी तसंच ठेवत नाही.

माझा मुद्दा साधा आहे. साफ काय करायचं हे फक्त मॉड्यूलला माहीत असतं, आणि कधी करायचं हे फक्त फोर्क करणाऱ्या गाभ्याला. पुण्यात बसून मॉड्यूल लिहिणाऱ्या मुलीनं कितीही डोकं लावलं, तरी दुसऱ्यानं लिहिलेल्या गाभ्यात पोर नेमकं कुठल्या ओळीवर जन्मतं हे तिच्या कोडला कळायचा भरवशाचा मार्ग नाही. घोटाळा झाला की बोट मात्र तिच्याकडे.

आणि मागणी काही जगावेगळी नाही. पायथनमध्ये २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून फोर्कच्या आधी, नंतर बापात आणि नंतर पोरात चालवायची फंक्शनं नोंदवता येतात. अपाचीत पोर सुरू होतानाचा हुक पूर्वीपासून आहे. पण तो प्रामुख्यानं नवा संसार मांडण्यासाठी. जुनं सामान टाकण्याची पायरी त्याच्या आधी यायला हवी: पोर जन्मताच, पहिली विनंती घेण्यापूर्वी, मॉड्यूलं चढवली त्याच्या उलट क्रमानं. उलट क्रम अशासाठी की नंतरची मॉड्यूलं आधीच्यांवर उभी असतात.

हे सगळं मिळून गाभ्यातल्या शंभर ओळीसुद्धा नाहीत. तेव्हा असा बदल तुमच्यापुढं तपासायला आला, तर "मॉड्यूलवाल्यानं बघून घ्यावं" म्हणण्यापूर्वी एवढंच विचारा: फोर्क कोण करतंय? जो वाटणी करतो, विहिरीचा निकाल त्यानंच लावायचा असतो.