वेगाची घाई

कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा पेटविला की लगेच वीज निर्माण होत नाही. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. घाई केली, तर त्याच्या धातूवर ताण पडतो. वाफेला पुरेसा दाब आला, म्हणजेच टर्बाइन फिरू लागते. या केंद्राच्या परिसरात खेळणाऱ्या मुलामुलींचे बळही असेच क्रमाने वाढावयास हवे. क्रीडांगणावर मात्र याचा पुष्कळदा विसर पडतो.

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली शिकागो येथे जन्मास आला. आता तो आपल्या शालेय स्पर्धांतही खेळला जातो. त्यात फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकतो. त्यामुळे कितीही चेंडू टाकले तरी खांदा दुखावत नाही, असा समज रूढ आहे. पण तो खरा नव्हे. एखादी मुलगी चांगले चेंडू टाकू लागली, की प्रत्येक सामना तिच्यावरच सोपविला जातो. चषक शाळेत येतो. पण त्याची किंमत त्या कोवळ्या खांद्याला मोजावी लागते.

खऱ्या शिक्षकाने आधी पावलांची ठेवण, मग हाताचे वर्तुळ, मग मनगटाचा झटका आणि नेम शिकवावा. वेगाचा विचार शेवटी करावा. मोठ्या मुलींच्या सामन्यात चेंडू ४३ फुटांवरून टाकतात. नवशिक्या मुलीने त्याहून जवळून आरंभ करावा. संघात दोनतीन पिचर तयार करावेत. दुखणे सांगणाऱ्या मुलीस भित्री न म्हणता विश्रांती द्यावी.

अशाने खेळाडू मागे पडेल, अशी शंका कोणी घेईल. खेळ निराळा असला, तरी कोराडीजवळच्या खापरखेडा परिसरातील वलनीचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. तेथील कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिसच्या चेंडूनेच क्रिकेट खेळत होता. २००८ साली तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि २०११ साली कसोटी खेळणारा विदर्भ संघाचा पहिला खेळाडू ठरला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु उशिरा आरंभ झाला म्हणून वेग हरवत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

गेलेला सामना पुढल्या वर्षी पुन्हा जिंकता येतो. निकामी झालेला हात सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून शिष्याचा हात जपणे, हेच गुरूचे पहिले कर्तव्य होय.