जॅझची डिग्री घेऊन करणार काय?

शनिवारी सकाळी निवांत चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून ताईचा फोन. "तुझ्या भाच्याला जरा समजाव. त्याला जॅझ शिकायचंय म्हणे."

"मग शिकू दे की," मी म्हटलं.

"अरे, क्लास नाही. डिग्री! चार वर्षं!"

प्रत्येक घरात एक 'समजूतदार इंजिनिअर मामा' असतो. आमच्याकडे दुर्दैवाने तो मीच. भाचा सातवीपासून शाळेच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवतो. गणितातही बरा आहे, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा दरवाजा उघडाच. तरी साहेबांना सॅक्सोफोन वाजवायचाय.

फोन लावला तर पहिलंच वाक्य, "मामा, तू पण आईसारखंच बोलणार ना?"

मी म्हटलं, "नाही रे. आधी मला सांग, तिथे कटऑफ किती लागतो?"

पठ्ठ्या हसत सुटला. आणि मग पाऊणएक तास मीच शिकत होतो.

तर मंडळी, प्रकार असा आहे. चांगल्या ठिकाणी आधी रेकॉर्डिंग पाठवायचं. त्यातून निवडक मुलांना प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावतात. तिथे अनोळखी मुलांसोबत वाजवायचं, समोर ठेवलेलं नोटेशन पहिल्यांदाच बघून वाजवायचं, आणि मुख्य म्हणजे तिथल्या तिथे सुचेल ते वाजवून दाखवायचं. पण खरी गंमत सीट्सची. बिग बँडमध्ये साधारण ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स असं बसतं. छोट्या ग्रुपमध्ये तर ड्रमर एक, बास एक. म्हणजे कॉलेजला 'हुशार मुलं' भरायची नसतात, बँड भरायचा असतो. यंदा दोन टेनरवाले पास होऊन बाहेर पडले तर साधारण दोनच जागा रिकाम्या. कोणीच बाहेर पडलं नाही, तर तुम्ही कितीही भारी वाजवा!

आपल्या डोक्यात मेरिट लिस्ट इतकी फिट्ट बसलीय की 'नाही' म्हणजे 'तू कमी पडलास' असंच आपण धरून चालतो. इथे 'नाही'चा अर्थ नुसता 'यंदा टेनर नको' एवढाही असू शकतो. टीममध्ये टेस्टर हवा असताना आपण डेव्हलपरला परत पाठवतोच की. ताईला हे आधी समजायला हवं, कारण नकार आला तर घरात तोच पुरावा म्हणून वापरला जाईल.

आता नेहमीचा आक्षेप. "जॅझ काय कॉलेजात शिकतात? ते क्लबात, रस्त्यावर जन्मलं!" ऐकायला छान वाटतं, पण अर्धंच खरं आहे. लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट शिकला तो न्यू ऑर्लीन्सच्या मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये, १९१३ च्या सुमाराला. चार्ली पार्कर कॅन्सस सिटीत शाळेच्या बँडमध्ये होता. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकून ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला लागली, आणि तिथून हिंदी सिनेमात आली. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मागे (१९५१) ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा हात होता. थोडक्यात काय, शाळा होतीच. तिला डिग्री म्हणत नव्हते इतकंच.

पुढचं शिक्षण मोठ्या फिरत्या बँडमध्ये व्हायचं. सिनियरच्या शेजारी बसायचं आणि शिव्या खात शिकायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बँड एकेक करून बंद पडत गेले, आणि हळूहळू कॉलेजांनी ती जागा घेतली. नॉर्थ टेक्सासच्या कॉलेजने १९४७ मध्ये जॅझची पदवी सुरू केली, पण नाव दिलं 'डान्स बँड', कारण 'जॅझ' हा शब्द प्रतिष्ठित नव्हता! ज्युलियार्डने तर जॅझचा विभाग २००१ मध्ये काढला. आपल्याकडे पलुसकरांनी १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून गुरुगृह की विद्यालय हा वाद चालूच आहे. विद्यालय कलाकार घडवत नाही हे खरंच. पण सोबत वाजवणारी माणसं एका छताखाली आणतं, आणि जॅझ एकट्याने खोलीत बसून येत नाही.

म्हणून माझं मत डिग्रीच्या बाजूने आहे. माझा विरोध आहे तो कर्जाला. खाजगी कॉलेजात चार वर्षांचा छापील खर्च दोन लाख डॉलरच्या सहज वर जातो. स्टेजवर तुम्हाला डिग्री कोणी विचारत नाही, बँक मात्र हप्ता विचारते. मग जे वाजवायला आलात ते सोडून लग्नांत मिळेल ते वाजवायचं. न्यू जर्सीतच विल्यम पॅटरसन हे सरकारी विद्यापीठ आहे. तिथे जॅझ १९७० च्या दशकापासून शिकवतात आणि सुरुवातीला विभाग थॅड जोन्सने सांभाळला. आणि ज्याला दोन्ही दगडांवर पाय ठेवायचेत त्याच्यासाठी ओबर्लिनला पाच वर्षांत दोन डिग्र्या असा प्रकार आहे.

भाच्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. जिथे वर्गात सगळ्यात कच्चा तू असशील तिथे जा. आणि जिथली फी फेडायला सॅक्सोफोनच्या कमाईवर अवलंबून राहावं लागेल तिथे जाऊ नकोस.

हे ताईला कळवलं तर म्हणाली, "म्हणजे तू त्याच्याच बाजूचा. तू नाही का सोडलास तबला? काय बिघडलं?"

दहावीचं वर्ष म्हणून मी तबला सोडला होता. 'परीक्षेनंतर परत सुरू करू' असं ठरलं होतं. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. बिघडलं काहीच नाही. घर आहे, गाडी आहे. तबल्याची जोडी आईच्या कपाटावर आहे, गवसणीसकट. दर दिवाळीला मी ती खाली काढतो, पुसतो आणि परत वर ठेवतो.

ताईला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "त्याला ऑडिशनला घेऊन जा. गाडी तू चालव."

फेब्रुवारीत ऑडिशन आहे. ताई जाणार म्हणतेय.