चिखलातील पाहुण्यांची ओळख

थंडी पडू लागली की महाराष्ट्रातील तळ्यांच्या आणि खाड्यांच्या काठी दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. मध्य आशिया आणि सैबेरिया येथून येणारे हे पक्षी उथळ पाण्यात, चिखलात हिवाळा काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत फिरतात. ज्या गावाच्या वेशीवर ते वस्तीला येतात, त्या गावालाच त्यांची ओळख नसावी ही खेदाची गोष्ट होय. शाळकरी मुलाला चित्रातील पेंग्विन अचूक ओळखता येतो. पण तळ्यावरचा शेकाट्या दाखविला तर तो 'बगळा' म्हणून मोकळा होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनाही ती चूक उमगत नाही.

हे अज्ञान निरुपद्रवी असते, तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या चिखलावर हे पक्षी जगतात, त्याला समाज 'पडीक' म्हणतो. आणि पडीक म्हटलेल्या जागेवर भराव पडला तर कोणी हळहळत नाही. कायद्याचा आधारही अपुरा आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र आणि भातखाचरे तर वगळली आहेतच. शिवाय सिंचन, पिण्याचे पाणी किंवा मीठ यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले आहेत. महाराष्ट्रातील पाणपक्ष्यांची मोठी ठाणी मात्र नेमकी अशा जलाशयांवरच आहेत. भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते उजनी धरणाच्या फुगवट्यावर. नांदूर मधमेश्वरचा बंधाराही शेतीच्या पाण्यासाठीच बांधलेला. २०२० साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला आणि तो मान मिळविणारे ते राज्यातील पहिले स्थळ ठरले. गावोगावच्या पाझर तलावांच्या नशिबी असा मान कोठून असणार? त्यांची राखण करावयाची तर ती गावकऱ्यांच्या आस्थेनेच, आणि आस्था ओळखीवाचून उपजत नाही.

ही ओळख करून देण्यास ना प्रयोगशाळा लागते, ना मोठा खर्च. तळ्याचा काठ हाच फळा. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो वरवरचे किडे दिसताक्षणी टिपतो. पाणटिवळ्याची चोच लांब. ती चिखलात खोलवर जाऊन भक्ष्य चाचपते. शेकाट्या आपल्या लालसर, काठीसारख्या पायांवर त्याहून खोल पाण्यात हिंडतो. तुतवार काठाकाठाने शेपूट सारखी वरखाली हलवीत फिरतो. एकाच तळ्यावर इतकेजण जेवतात आणि एकमेकांच्या ताटात फारसा हात घालीत नाहीत, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुस्तकातील 'अनुकूलन' हा शब्द पाठ करीत बसणार नाही. भूगोलाचेही तेच. २०२२ साली पाणटिवळ्याच्या एका भाऊबंदाने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर न थांबता अकरा दिवसांत कापले. त्या पक्ष्याचे वय होते जेमतेम पाच महिने! ही हकीकत ऐकून नकाशा उघडणार नाही असा विद्यार्थी विरळाच.

शिक्षकांनी आणि पालकांनी आरंभ करावा तो घरच्या टिटवीपासून. ती बारमाही येथेच राहते. रात्री ओरडली म्हणून तिला अशुभ ठरविण्यात आले. वास्तविक कुत्रे किंवा माणूस जवळ आल्याचा तो इशारा असतो. तिची खड्यांसारखी दिसणारी अंडी उघड्या जमिनीवर असतात, एवढे कळले तरी मुले पाऊल जपून टाकतील. पुढे नोव्हेंबर ते मार्च या काळात एखाद्या रविवारी सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून, कुटुंबाने तासभर काठावर शांत बसावे. दुर्बीण सर्वांत मिळून एक असली तरी पुरे. वहीत चोचीची लांबी, पायांचा रंग आणि पक्ष्यांची संख्या लिहावी. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत अशा हौशी निरीक्षकांना स्थान आहे. १९८७ पासून ती बव्हंशी स्वयंसेवकांच्याच बळावर चालत आली आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. छायाचित्रासाठी नाव थव्यात घालणे, दगड मारून पक्षी उडविणे, हे पक्षीप्रेम नव्हे. परतीच्या प्रवासासाठी साठविलेली चरबी त्या प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते. लांबून पाहणे हाच या पाहुण्यांचा पाहुणचार.

'टिटवी देखील समुद्र आटविते' अशी म्हण आहे. कथेतील टिटवीची अंडी समुद्राने परत केली ती सारे पक्षी तिच्या पाठीशी उभे राहिले म्हणून. आज गाठ समुद्राशी नसून भरावाच्या मातीशी आहे, आणि पाठीशी उभे राहावयाचे आहे ते माणसांनी. ज्या मुलाला आपल्या तळ्यावरचे दहा पक्षी नावानिशी ठाऊक आहेत, ते मोठेपणी त्या तळ्याला पडीक म्हणू देणार नाही.