देवदूतांना रजा नसते

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. सकाळी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. निलंबनाची कारवाई वरिष्ठांवरही झाली. पण काही दिवसांतच अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवील. आम्हाला दिसलं ते एवढंच, की इमारतीच्या फायलींपर्यंतची वाट लांबची असते आणि वॉर्डातली सिस्टर हाताशी असते.

त्याच्या दीड वर्ष आधी याच सिस्टरांसाठी आपण थाळ्या वाजवल्या, 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावले, 3 मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. फुलांबद्दल तक्रार नाही. पण त्याच सुमारास काही घरमालक त्यांना खोली रिकामी करायला सांगत होते. देवदूत म्हटलं की बरं पडतं. देवदूताला झोप लागत नाही, पगारवाढ लागत नाही, भाडं तर नाहीच नाही.

पीपीई किट चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवी नाही. पाळी आली तरी तेच. गॉगलवर वाफ, दोन-दोन हातमोज्यांतून शीर सापडायची मारामार, ओळख पटावी म्हणून पाठीवर मार्करनं लिहिलेलं नाव. हे झालं शरीराचं. नातेवाइकांना आत मज्जाव, म्हणून शेवटचा व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभी राहणारी तीच, आणि नंतर मृताचा चष्मा, मंगळसूत्र, मोबाइल पिशवीत भरून नोंद करणारीही तीच. मग पिशवीतला मोबाइल वाजू लागतो. तो उचलायचा की नाही, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. तोवर पलीकडच्या खाटेवरचं सलाइन संपत आलेलं असतं.

अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. प्रत्यक्षात मे 2020 मध्ये महाराष्ट्राला केरळकडे 50 डॉक्टर आणि 100 परिचारिका मागाव्या लागल्या. लाट ओसरली, तशी कंत्राटी मुलींची गरजही सरली. 2022 च्या मे महिन्यात सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा एक मुद्दा होता ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीचा. त्या बातमीला फुलांइतकी जागा मिळाली नाही.

मनावरच्या ताणाचं म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर चिकटवला की काम झालं. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं अनोळखी माणसाला फोन लावून रडायचं, म्हणजे आणखी एक ड्यूटीच की! त्यापेक्षा हँडओव्हरनंतर आपल्याच वॉर्डातल्या चौघींबरोबर अर्धा तास बसता आलं, आणि तो अर्धा तास ड्यूटीत धरला गेला, तर पुष्कळ झालं. सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता गेल्या. त्यांचं स्मरण जरूर करू, पण हौतात्म्य ही कुणाच्या नेमणूकपत्रातली अट होऊ शकत नाही.

म्हणून यंदाच्या अंकात परिचारिकांवर लेख मागवले नाहीत, परिचारिकांकडून मागवले. शुद्धलेखन आम्ही तपासलं, राग तसाच ठेवला. काही जणींनी नाव छापू नका असं कळवलं आहे; बदलीची भीती. ती नावं छापलेली नाहीत.