भैरप्पांचं मराठी कुणाचं?

२४ सप्टेंबर २०२५ रोजी एस. एल. भैरप्पा गेले, तेव्हा महाराष्ट्रातले वाचक घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखे हळहळले. आमच्या आगरदांड्यातही त्या दिवसांत दोघातिघांनी 'वंशवृक्ष' आणि 'पर्व'चा विषय काढला. त्यांतल्या कुणालाही कानडी येत नाही. मलाही येत नाही. म्हणजे आम्ही वाचले ते भैरप्पा मराठीतले. आणि हे मराठी भैरप्पांचं नव्हे, ते उमा कुलकर्णींचं. पण बोलण्यात त्यांचं नाव एकदाही आलं नाही. ती रुखरुख मनात राहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

उमाताईंचा जन्म १९४६ सालचा, बेळगावचा, मराठी घरातला. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. यजमान विरूपाक्ष कुलकर्णी कानडीतले जाणते वाचक. शिवराम कारंतांना ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा असं काय आहे या लेखकात, या कुतूहलातून या दोघांचं काम सुरू झालं. पद्धत अगदी घरगुती. विरूपाक्षांनी कानडी पुस्तक मोठ्याने वाचायचं, ते टेपरेकॉर्डरवर घ्यायचं, आणि उमाताईंनी ते ऐकत ऐकत मराठीत उतरवायचं. दुसरीकडे विरूपाक्ष स्वतः मराठी पुस्तकं कानडीत नेत होते. एकाच घरातून दोन्ही दिशांची वाहतूक!

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात शुद्धलेखन घालायचो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी लिहायचं. इथे वाचणारा कानडीत वाचतो आणि लिहिणारी मराठीत लिहिते. मला वाटतं, उमाताईंची वाक्यं वाचताना अडखळायला होत नाही याचं एक कारण हेच असावं. ती आधी कानावरून गेलेली आहेत. डोळ्यांनी शब्दाला शब्द जुळवता येतो, पण कानाला खटकलेलं वाक्य पुढे जाऊ देत नाही.

'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना १९८९चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. भैरप्पांच्या 'पर्व', 'काठ', 'तंतू', 'मंद्र', 'आवरण', पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कर्वालो', गिरीश कर्नाडांचं आत्मचरित्र 'खेळता खेळता आयुष्य' अशी पन्नासाहून अधिक पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. या सगळ्या प्रवासाची हकिगत 'संवादु अनुवादु' या आत्मकथनात आहे. हे एका माणसाचं आयुष्यभराचं काम आहे, फावल्या वेळातला उद्योग नव्हे.

आता मुद्द्याचं. अनुवाद म्हणजे दुय्यम, उष्टं लेखन असा समज आपल्याकडे अजून आहे. मला तो मान्य नाही. एक साधं उदाहरण घ्या. 'वंशवृक्ष'मध्ये श्रीनिवास श्रोत्री हे सासरे आणि कात्यायनी ही त्यांची विधवा सून. त्या घरातला सगळा धर्म, सगळा ताण त्यांच्या बोलण्यात आहे. कोण कुणाला एकेरी बोलतं, कोण आदरार्थी, यावर तिथलं नातं उभं असतं. कानडीत हा भेद आहे, मराठीतही आहे. इंग्रजीत सून सासऱ्याला आणि सासरा सुनेला एकाच सर्वनामाने संबोधणार! म्हणजे शेजारची कानडी कादंबरी इंग्रजीच्या वाटेने मराठीत आणायची झाली, तर हा भेद वाटेतच सांडणार आणि इकडे पुन्हा अंदाजाने भरावा लागणार. थेट अनुवादाचं मोल इथे कळतं.

इंग्रजीच्या वाटेने काहीच चांगलं आलं नाही, असं मी म्हणत नाही. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेलं वर्तकांचं 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावर बेतलेलं. इब्सेनचं नाटक अनंत काणेकरांनी 'घरकुल' म्हणून आणलं. आपली रंगभूमी त्याने बदलली. पण नॉर्वे सातासमुद्रापलीकडे. कर्नाटक तर भिंतीला भिंत लागून! तूप आणि अडकित्ता हे आपले रोजचे शब्द कानडीतून आलेले आहेत. तरीसुद्धा बेळगाव म्हटलं की आपल्याला आधी सीमाप्रश्न आठवतो. त्या प्रश्नाची न्याय्य बाजू आहे, ती मांडावीच. पण त्याच बेळगावच्या एका मराठी मुलीने लाखो शब्दांनी जे जोडलं, तेही आठवायला नको का?

साने गुरुजींना हे फार आधी उमगलं होतं. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि 'कुरल' त्यांनी मराठीत आणलं. पुढे 'आंतरभारती'चं स्वप्न त्यांनी मांडलं ते याचसाठी, की एका प्रांताने दुसऱ्याची भाषा प्रेमाने शिकावी. आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. आमच्या जेट्टीवरून फेरीबोटीने दिघीला उतरावं, म्हसळ्यावरून माणगाव गाठावं. इतक्या जवळ असूनही शाळेच्या सहली त्या वाटेला किती वळतात?

हल्ली नातवंडं म्हणतात, "आजी, मोबाईल करतो की भाषांतर!" करतो खरा. फेरीबोटीवरची सूचना, औषधाची चिठ्ठी, परक्या मुलखातला पत्ता, याला तो पुरेसा आहे. मीही वापरते. पण श्रोत्रींच्या घरातला अबोला मराठीत कसा ऐकू यावा, हे ठरवायला दोन्ही घरांत राहिलेलं माणूस लागतं. आणि माझी खरी काळजी हीच आहे. आपली मुलं इंग्रजी शिकतात, हिंदी शिकतात, हल्ली जर्मन आणि जपानीही शिकतात. शिकू देत. पण कानडी, तेलुगू, गुजराती कोण शिकतंय? उमाताईंच्या पिढीनंतर हे काम थेट करणारी माणसं कुठून येणार?

सरकारने काय करावं, विद्यापीठांनी काय करावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. माझं मागणं लहान आहे आणि ते वाचकांकडे आहे. वाचनालयात पुस्तक मागताना लेखकाबरोबर अनुवादकाचंही नाव घ्या. शिक्षकांनी अनुवादित धडा शिकवताना दोन्ही नावं फळ्यावर लिहावीत. नाव घेतलं की मुलांना कळतं, असंही एक काम असतं. एखादीला वाटेल, हे मी करीन. तेवढंच पुरे आहे.