खंडणीवर उभें राहिलेलें साम्राज्य

मेक्सिको देशाची राजधानी आज ज्या ठिकाणीं आहे, तेथें पूर्वीं एक विस्तीर्ण सरोवर होतें. त्यांतील एका दलदलीच्या बेटावर मेशिका नांवाच्या लोकांनीं इ. स. १३२५ मध्यें तेनोच्तितलान हें नगर वसविलें, अशी परंपरा आहे. अझटेक म्हणून आपल्या परिचयाचे आहेत ते हेच लोक. पुढें सुमारें शंभर वर्षें ते शेजारच्या बलाढ्य अझकापोत्साल्को राज्याचे मांडलिक होते. धन्यास खंडणी द्यावी व त्याच्या लढाया लढाव्या, हाच त्यांचा जीवनक्रम.

१४२६ सालीं तेथील वृद्ध राजा मरण पावला आणि त्याच्या पुत्रांत गादीविषयीं कलह माजला. ही संधि मेशिकांचा राजा इत्झकोआत्ल यानें साधली. तेस्कोकोचा परागंदा राजपुत्र नेझावालकोयोत्ल यास त्यानें हाताशीं धरलें व १४२८ सालीं अझकापोत्साल्कोचा पाडाव केला. तेनोच्तितलान, तेस्कोको व त्लाकोपान या तीन नगरांचा संघ झाला. तोच या साम्राज्याचा पाया होय.

यानंतर इत्झकोआत्लनें जुन्या चित्रमय बखरी जाळविल्या, असें साहागुन या स्पॅनिश पाद्र्यानें तद्देशीय वृद्धांकडून ऐकून लिहून ठेविलें आहे. मांडलिकपणाच्या दिवसांची स्मृति नव्या सत्ताधीशांस नकोशी झाली असावी.

राजा ज्येष्ठत्वानें न ठरतां राजकुलांतून सरदार त्याची निवड करीत. अशायाकात्ल, तिसोक व आविट्झोत्ल हे तिघे सख्खे भाऊ असे एकामागून एक गादीवर आले. राज्य पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरलें. जिंकलेल्या प्रांतांत बहुधा तेथीलच राजा कायम ठेवीत. त्यानें सुती वस्त्रें, कोकोच्या बिया व रंगीत पिसें वेळेवर पाठविलीं म्हणजे झालें. या पद्धतीमुळें विस्तार झपाट्यानें झाला खरा. परंतु धाकाखेरीज दुसरें बंधन नव्हतें. राजा बदलला कीं मांडलिक उठत, आणि नव्या राजास तेच प्रांत पुन्हां जिंकावे लागत. त्लाश्कालाचें राज्य तर जवळ असूनही कधींच नमलें नाहीं.

१५१९ सालीं कोर्तेस हा स्पॅनिश सरदार अवघ्या कांहीं शें शिपायांनिशीं किनाऱ्यास लागला. त्याच्याजवळ घोडे व तोफा होत्या. पुढील वर्षीं देवीच्या सांथीनेंही असंख्य माणसें नेलीं. तथापि तेनोच्तितलानला वेढा पडला तेव्हां त्या सैन्यांत फार मोठा भरणा होता तो त्लाश्कालाच्या व इतर दुखावलेल्या राज्यांच्या हजारों योद्ध्यांचा. १३ ऑगस्ट १५२१ रोजीं नगर पडलें.

वेढ्यासाठीं बांधविलेल्या नौका कोर्तेसनें सरोवरांत सोडल्या त्या तेस्कोकोहून. ज्या नगराच्या साह्यानें त्र्याण्णव वर्षांपूर्वीं मेशिकांनीं आपल्या जुलमी धन्यास लोळविलें होतें, तेंच हें नगर. बखरी जाळल्या, तरी मांडलिकाच्या मनांत काय धुमसत असतें हें मेशिकांनींच विसरावें, हें नवल होय.